पाणी गेलं, पण चोकअप तिथेच होता

बेसिन तुंबलंय म्हणून बोलावणं आलं की मी हत्यारांच्या पिशवीला हात लावण्याआधी विचारतो, "आत काही ओतलंय का?" काकू जरा चाचरल्या. मग म्हणाल्या, "काल रात्री पावडर टाकली होती. अख्खी पुडी." मग सगळी कहाणी बाहेर आली. थोडे दिवस गेले की बेसिन भरायचं, कुणीतरी येऊन स्प्रिंग, म्हणजे पाइपात सारायची लवचिक वायर, मारून जायचं, पाणी धो धो जायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असल्या पावडरीत बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात पडला की पाणी तापतं, आणि त्या पाण्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. तुंबलेल्या पाइपातून तो पुढे जाणार कुठे? ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिनखालच्या वळणाच्या पाइपातच साचून राहतो. म्हणून आधी रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खाली प्लास्टिकची बादली, आणि मगच ट्रॅपच्या नटाला हात. बादली ॲल्युमिनियमची अजिबात चालत नाही, कॉस्टिक ती खातो. काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

ट्रॅप जवळजवळ स्वच्छ निघाला. म्हणजे दुखणं भिंतीच्या आत. बाथरूमच्या मोरीचं पाणी मात्र व्यवस्थित जात होतं. एकच जागा तुंबते तेव्हा दोष तिच्या फाट्यात असतो. सगळीकडून पाणी वर आलं असतं तर मी बेसिनपाशी वेळ न घालवता थेट सांडपाण्याचा चेंबर गाठला असता.

माझी स्प्रिंग हाताने फिरवायची, ड्रमवाली. वायर ६ मिलिमीटर जाड, ७.५ मीटर लांब, टोकाला फुगीर बोंड. मोटरच्या मशीनने काम लवकर उरकतं, पण बेसिनच्या ४० मिलिमीटरच्या पाइपात मला हातानेच काम करायला आवडतं, कारण आत काय चाललंय ते मुठीला कळतं. वीतभर वायर बाहेर ओढायची, स्क्रू आवळायचा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हँडल फिरवत ती वीत आत सारायची, स्क्रू सैल करून पुन्हा वीतभर. एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणाचा जोड, लागला की वायर ठाम थांबते आणि फिरवत राहिलं की वळसा घेऊन एकदम मोकळी सुटते. केसांच्या बोळ्याचं तसं नाही. तो दबतो, वायरला मागे ढकलतो, हँडल जड होत जातं. हा फरक ओळखता आला नाही की माणूस जोर लावतो, वायर आतल्या आत पीळ खाऊन मुडपते, आणि मग बोळ्याऐवजी वायर काढण्यासाठी पाइप कापायची पाळी येते.

पहिला एल्बो गेला. थोडं पुढे तो ओळखीचा जडपणा लागला. फिरवत राहिलो, बोंड आरपार गेलं, आणि मगभर पाणी ओतलं तर गटगट करत निघून गेलं. बहुतेक जण इथेच स्प्रिंग गुंडाळतात. पण बोळ्याला भोक पडलं तरी पाणी जातं, बोळा जागचा हललेला नसतो. म्हणून मी त्याच दिशेने फिरवत वायर सावकाश मागे घेतली. उलटं फिरवलं तर पकडलेलं सुटतं.

बाहेर आला तो हातभर लांबीचा करडा, बुळबुळीत दोर. केस, साबणाचा मेणचट थर, आणि त्यातून गेलेले बारीक पांढरे धागे. केस बोट लावताच गळून पडत होते, धागे मात्र ओढूनही तुटेनात. धुऊन पाहिले तर दातांच्या फटी साफ करायचा दोरा, फ्लॉस. मग पावडरीचा गुण का येत नव्हता ते लक्षात आलं. कॉस्टिक केस विरघळवतो, पण नायलॉन त्याला दाद देत नाही. पावडरीने केस जायचे, धाग्यांची जाळी तशीच राहायची आणि नवे केस तिच्यात अडकायचे.

पण धागा तिथेच का अडकावा? प्लास्टिकचा पाइप आतून गुळगुळीत असतो. मला हे सोडवल्याशिवाय निघायचं नव्हतं. रिकाम्या पाइपात पुन्हा वायर घातली. त्याच जागी बोंड टक्कन अडलं, फिरवल्यावर खरखरत पुढे गेलं, येताना पुन्हा अडलं. पाइपाच्या तोंडाशी वायरला टेप गुंडाळली, वायर बाहेर काढून भिंतीवर पाइपाच्या वाटेने धरली, तर टोक बरोबर भिंतीपलीकडच्या डक्टमधल्या जोडावर आलं. तिथे हात पोचत होता.

जोड कापला आणि खरंच राग आला. पाइप आरीने तिरका कापलेला, काठावर प्लास्टिकच्या कुसांची झालर तशीच. शिवाय पाइप कपलिंगमध्ये, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या नळीत, पूर्ण बसवलेला नव्हता, आत बोटभर खाच राहिली होती. काठावरून बोट फिरवलं तर माझा हातमोजाच अडकला. कानशीने कडा घासायला मिनिट लागत नाही. तेवढं कुणी केलं नाही, आणि त्या घरातली माणसं दर वेळी तुंबलेल्या बेसिनपुढे उभी राहिली.

नवा तुकडा सरळ कापला, कडा आतून-बाहेरून घासली, किती आत जायला हवा त्याची खूण केली, पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून थोडा पीळ देत तळापर्यंत दाबला. उतार मीटरला २ सेंटिमीटरच्या आसपास ठेवला. सोल्युशन सुकेपर्यंत ट्रॅप धुतला, वॉशर बदलले. मग बेसिन काठोकाठ भरून बूच काढलं. पाणी भोवरा घेत गेलं आणि मोरीतून गुडगुड आली नाही. जोड बोटाने चाचपला, कोरडा होता.

काकूंना तो दोर दाखवला. "एवढ्याशा धाग्याने?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "धाग्याने आणि आतल्या कुसांनी. कुसं आता नाहीत, धागा तुम्ही कचऱ्याच्या डब्यात टाका, आणि बेसिनला बारीक जाळी बसवा." त्यांच्याकडे पावडरीची आणखी एक पुडी होती, ती टाकून देऊ का विचारत होत्या. "मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा," मी म्हटलं. "पण तिच्यावर ॲसिड कधीच ओतू नका, आणि वापरलीत तर जो कुणी काम करायला येईल त्याला नट उघडायच्या आधी सांगा."