पहिलं वाक्य इथेच, उभ्याने वाचा

आमच्या वाचनालयात इंग्रजी रहस्यकथांचं कपाट काउंटरच्या मागे आहे, त्यामुळे पुस्तक काढून देणारी मीच. गेली काही वर्षं सभासद मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात : "मॅडम, खुनाचं काहीतरी मागितलं की तुम्ही स्कॉटलंडचंच का हातात ठेवता? आणि मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर वाचू न देता पहिलं वाक्य का वाचायला लावता?" मागे रांग असते, उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

सुरुवात फोर्टातल्या फुटपाथवर झाली. फाउंटनजवळच्या जुन्या पुस्तकांत इयन रँकिन यांचं 'नॉट्स अँड क्रॉसेस' हाती लागलं. १९८७ सालची, स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो इथल्या जॉन रिबस या पोलिसावरची पहिली कादंबरी. मागचं मुखपृष्ठ फाटून गेलेलं, म्हणून थेट आत डोकावले. पहिलं वाक्य होतं : ती मुलगी एकदा किंचाळली, फक्त एकदाच.

इंग्रजीत त्या शेवटच्या 'वन्स'च्या आधी एक 'द' येतो. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत तो तिथे नसतो, बोलण्यात असतो, आणि तेवढ्या एका अक्षराने कोणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं. मराठीत ते काम 'च' करतो. 'एकदा किंचाळली' म्हटलं तर नुसती मोजणी झाली. 'एकदाच' म्हटलं की तिला दुसऱ्यांदा किंचाळू दिलं गेलं नाही, हे न सांगता कळतं. मी तिथेच उभी राहून पुढची तीन पानं वाचली.

तोवर माझ्या रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर, आणि भालबा केळकरांच्या मराठीतून भेटलेला शेरलॉक होम्स. त्या मला आजही प्रिय आहेत. होम्सकडे कोणीतरी येतं, कोडं मांडतं आणि आपण खुर्ची पुढे सरकवतो. गुन्हा त्या माणसाचा, हुशारी होम्सची, आपण सुखरूप. (कॉनन डॉयल मूळचे एडिंबरोचे, जन्म तिथला, १८५९चा, वैद्यकीचं शिक्षणही तिथलंच. पण होम्सला त्यांनी लंडनात राहायला पाठवलं. हे सांगितलं की सभासदांना नेहमी नवल वाटतं.) रँकिनच्या त्या एका वाक्याने माझी खुर्ची काढून घेतली.

मग कळलं की रँकिनच्याही आधी एक माणूस आहे. विल्यम मॅकिल्व्हॅनी : किल्मारनॉकच्या खाणकामगाराचा मुलगा, इंग्रजीचा शिक्षक, कवीसुद्धा. त्याची 'लेडलॉ' १९७७ची, ग्लासगो शहरातल्या लेडलॉ नावाच्या पोलिसाची. तरुण रँकिन त्याला भेटला आणि म्हणाला, मी तुमच्या लेडलॉसारखंच काहीतरी लिहितोय, पण एडिंबरोत घडणारं. मॅकिल्व्हॅनीने पुस्तकावर सही करताना त्या 'एडिंबरोच्या लेडलॉ'ला शुभेच्छा लिहून दिल्या. एका लेखकाने दुसऱ्याला आपली वाट इतक्या मोकळ्या मनाने द्यावी, हे मला फार मोठं वाटतं.

'लेडलॉ'ची सुरुवात धावण्याने होते. धावणं ही विचित्र गोष्ट होती, असं पहिलं वाक्य. पुढे फुटपाथवर आपटणाऱ्या पावलांचा आवाज, डोळ्यांवर आदळणारे गाड्यांचे दिवे. आणि हे सगळं 'यू' या सर्वनामात. या 'यू'वर मी कितीतरी दिवस अडले होते, कारण एका सभासदाला तो परिच्छेद मराठीत सांगायचा होता. 'तू धावतोयस' म्हटलं तर कोणीतरी दरडावतंय असं वाटतं. 'तुम्ही' म्हटलं तर सगळं चार हात लांब जातं. 'तो' म्हटलं तर संपलंच. शेवटी सापडलं : 'आपण'. आपण धावत असतो, आपली पावलं आपल्याच कानांवर आपटत असतात. बोलणाराही त्यात, ऐकणाराही त्यात. आणि मग हळूहळू उमगतं की हा धावणारा म्हणजे खून करून पळणारा पोरगा आहे. ओळख व्हायच्या आधीच आपण त्याच्या बुटांत पाय घालून बसलेलो असतो. खून कोणी केला हा प्रश्न या कादंबरीत उरतच नाही. त्या पोरापर्यंत आधी कोण पोहोचणार, पोलीस की मेलेल्या मुलीचा बाप, एवढाच उरतो, आणि तो पुरतो.

माझ्या आवडीचं मूळ इथे आहे. स्कॉटलंडच्या या लेखकांचं पहिलं वाक्य कोडं घालत नाही. ते आपल्याला कोणाच्या तरी शरीरात नेऊन ठेवतं, बहुधा नको असलेल्या जागी. जोसेफीन टे घ्या. खरं नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश, इन्व्हर्नेसची. 'द डॉटर ऑफ टाइम' १९५१ची. पाय मोडलेला इन्स्पेक्टर ग्रांट उंच पांढऱ्या खाटेवर पडून छताकडे बघतोय, आणि दुसऱ्याच वाक्यात ते बघणं तिरस्काराचं होतं. बस. जो कोणी इस्पितळात आठवडाभर उताणा पडलाय त्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. या खाटेवरून ग्रांट पंधराव्या शतकातल्या तिसऱ्या रिचर्ड राजावरचा पुतण्यांच्या खुनाचा आरोप तपासतो.

आणि इयन बँक्सची 'द क्रो रोड', १९९२. माझ्या आजीचा स्फोट झाला तो दिवस, अशी सुरुवात. वाचणारा हसतो, मग दचकतो. दहनाआधी तिचा पेसमेकर काढायचा राहून गेलेला असतो. ही सरळसोट पोलिसी कादंबरी नाही, पण तिच्या पोटात एक बेपत्ता काका आणि एक खून आहे. क्रो रोड हा ग्लासगोतला खरा रस्ता. कादंबरीतल्या घरात एखादा 'क्रो रोडने गेला' म्हणजे वारला. ज्यांच्याकडे पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघतात त्यांना हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही.

पण मला एकच पुस्तक निवडायला लावलंत तर मी ग्रेम मॅक्रे बर्नेट यांचं 'हिज ब्लडी प्रोजेक्ट' देईन. २०१६ साली ते बुकरच्या अंतिम यादीत होतं. काळ १८६९, जागा कल्डुई, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची इवलीशी वस्ती. प्रस्तावनेची पानं सोडून आरोपी रॉडरिक मॅक्रेच्या कैफियतीवर जा. सतरा वर्षांचा मुलगा लिहितोय की वकिलांच्या सांगण्यावरून हे लिहितो, आणि इन्व्हर्नेसच्या या कोठडीत त्यांनी आपल्याला जी सभ्यतेची वागणूक दिली तिला आपण मुळीच पात्र नाही. पहिल्याच वाक्यात गुन्हा कबूल, तुरुंग ठरलेला, आणि तरी त्या मुलाच्या अदबीने काळीज हलतं.

माझ्या वडिलांकडची माणसं कोकणात खोताची कुळं होती, म्हणून हे पुस्तक मी सावकाश वाचलं. कल्डुईचे लोकही तसेच, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे. किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्री शेवाळ खतासाठी नेलं तर तेही परत टाकून यायला लावलं जातं. मुलगा आणि बाप जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे जाऊन विनवतात, नियम तरी दाखवा, म्हणजे आमच्याकडून ते मोडले जाणार नाहीत. कारभारी त्यांनाच उलटा संशयित ठरवतो : नियम बघायची इच्छा ज्याला होते त्याला ते कुठवर मोडता येतील हेच बघायचं असणार. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं आणि आत्याला फोन केला. खोताच्या ओटीवर आजोबा कसे उभे राहायचे ते तिने मला पहिल्यांदाच सविस्तर सांगितलं.

तर मागचा मजकूर मी का वाचू देत नाही? तो गोष्ट सांगतो. कोण मेलं, कुठे मेलं, तपास कोणाकडे. या पुस्तकांत ते सगळं असतं, पण त्यांचा जीव आवाजात आहे, आणि आवाज पहिल्या ओळीतच लागतो. लागला तर घरी न्या. नाही लागला तर परत ठेवा, मला वाईट वाटत नाही, दुसरं काढून देते.

काल एका आजोबांनी थंडीचं, बर्फाचं काहीतरी मागितलं. मी 'रेव्हन ब्लॅक'ची सुरुवात तोंडीच सांगितली. लेखिका अ‍ॅन क्लीव्हज इंग्रज आहेत, पण जागा स्कॉटलंडची शेटलंड बेटं. नववर्षाची रात्र, एक वाजून वीस मिनिटं. मॅग्नसला वेळ ठाऊक आहे कारण समोर आईचं जाडजूड घड्याळ आहे. म्हातारा एकटाच, कोणीतरी येईल म्हणून जागा.

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येतं का कोणी?"

पुस्तक बाहेर गेलं होतं. मी वहीत त्यांचं नाव पहिलं लिहून ठेवलंय.