तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन आतून फिरून आलं, मग आमच्या रानात खड्डा कशाला?

ज्यांच्या रानातून पाइपलाइन गेलीय ते शेतकरी हे हमखास विचारतात आणि त्यांचं विचारणं अगदी बरोबर आहे. पाइपात पिग, म्हणजे आतून फिरणारं तपासणीचं मशीन, सोडला, त्याने आतून अख्खी लाइन तपासली, रिपोर्टही आला, मग परत जेसीबी घेऊन बांधावर का येता?

तर आधी पिग काय करतो ते बघा. त्याला कॅमेरा नसतो, डिझेलने भरलेल्या पाइपात दिसणार तरी काय. त्याच्या अंगावर जबरदस्त मॅग्नेट असतात, ते पाइपाचं स्टील चुंबकीय करत जातात आणि जिथे गंजून स्टील पातळ झालंय तिथे चुंबकीय क्षेत्र पाइपाबाहेर फुटतं, सेन्सर ते टिपतात, चाकं अंतर मोजतात, आणि डिझेलच्या प्रेशरनेच तो पुढे सरकतो त्यामुळे लाइन बंद करावी लागत नाही. हाती येतात ते सिग्नल. गंज किती खोल हे त्यावरून काढलेला अंदाज असतो, चांगला अंदाज, पण अंदाजच.

समजा 6.4 मिमी जाडीच्या पाइपात रिपोर्टने 45 टक्के लॉस, म्हणजे गंजून गेलेली जाडी, दाखवला. अशा टूलची नेहमीची हमी म्हणजे जाडीच्या 10 टक्के इकडेतिकडे आणि तीसुद्धा 80 टक्के वेळा, म्हणजे तो लॉस 35 ते 55 मध्ये कुठेही असेल आणि पाचातला एखादा त्याच्याही बाहेर जाईल. 35 असेल तर लक्ष ठेवून चालतं, 55 असेल तर मी तरी थांबणार नाही. हे ऑफिसात बसून ठरत नाही हो.

जागा पण कशी दिलेली असते, तर अमुक वेल्डपासून (दोन पाइपांच्या जोडापासून) 3.2 मीटर पुढे, घड्याळात सहा वाजता, म्हणजे पाइपाच्या बरोब्बर तळाला. आतलं पाणी तिथेच साचतं म्हणून आतला गंज बहुतेक तिथेच सापडतो, आणि म्हणूनच खड्डा पाइपाच्या खालपर्यंत न्यावा लागतो, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा तो मोठा होतो तो यामुळे. आधी वेल्ड उघडा करायचा, तिथून टेप लावायचा, कोटिंग काढून खडूने चौकोन आखायचे आणि जेल लावून अल्ट्रासॉनिकचा, म्हणजे ध्वनिलहरींनी जाडी मोजणारा, प्रोब एकेका चौकोनात ठेवायचा. बाहेरून स्टील एकदम ठणठणीत दिसतं. मीटरवर 6.4, 6.3, 6.4 आणि मग एकदम 3.7. तिथे सगळे गप्प होतात. मग हिशोब करून गरज असेल तर स्लीव्ह, म्हणजे पाइपाभोवती बसवायचं स्टीलचं कवच, नवीन कोटिंग आणि मगच माती.

आंध्रात तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरमला 27 जून 2014 ला पहाटे गॅसची लाइन फुटली, 20 हून जास्त माणसं गेली. आतून गंजलेली लाइन होती, पाण्याचा अंश असलेला गॅस वाहत होता. त्या गावातल्या लोकांना पाइपाच्या आत काय चाललंय हे कळायचा काही मार्गच नव्हता, म्हणून हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं, आणि उत्तर देणं हे माझं कामच आहे असं मी मानतो.

पिकाची भरपाई आणि पंचनामा खोदण्याआधीच मागा, तुमचा हक्क आहे. वरची काळी माती वेगळी काढून शेवटी वरच टाकायला लावा. आणि खड्ड्यात मोजलेले आकडे आम्ही रिपोर्टवाल्यांना परत पाठवतो, ते आपला अंदाज त्यावर तपासून बघतात, फरक जास्त निघाला तर अख्ख्या लाइनचे आकडे परत काढले जातात आणि पुढच्या गावांत कुठे खोदायचं, कुठे नाही, ते त्यावरून ठरतं.