भरीत-बट्टीसाठी शेगडी घेताना: माझा अनुभव

मी मूळची जळगावची. उघड्यावरचं जेवण म्हटलं की माझ्या डोक्यात एकच गोष्ट येते, हिवाळ्यात शेतावर होणारी भरीत पार्टी. पुण्यात आल्यावर तंबू घेऊन भंडारदऱ्याला जायची सवय लागली, पण तिथे ज्या काकांच्या शेतात आम्ही उतरतो ते जमिनीवर जाळ करू देत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. थंडी सरली की डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत होतं आणि बांधापलीकडे लगेच वनखात्याची हद्द लागते. राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. काकांनी सरळ सांगितलं, "पायावर उभी राहणारी शेगडी आणा, राख तुमची तुम्ही घेऊन जा, मग काय भाजायचं ते भाजा."

चहा-मॅगीपुरता गॅसचा छोटा स्टोव्ह आमच्याकडे होताच. पण वांगं गॅसवर भाजून खाण्यात राम नाही.

आधी मैत्रिणीकडून घडीची शेगडी आणून गच्चीवर लावून बघितली. घडी केली की पाठीवरच्या सॅकमध्ये बसते, वजन काहीच नाही. पनीरचे तुकडे तिच्यावर छान झाले. वांग्याने मात्र तिची परीक्षा घेतली. कोळसा आणि जाळी यांत जेमतेम दोन इंच अंतर, त्यामुळे साल करपली आणि आत गर कच्चाच. त्याहून मोठी अडचण म्हणजे तळाला भोकंच नव्हती, होती ती बाजूला, तीही वरच्या अंगाला. कोळसा स्वतःच्याच राखेत रुतून बसायचा आणि अर्ध्या तासात मान टाकायचा. मग पुठ्ठ्याने वारा घालत बसा! तेव्हाच ठरवलं की शेगडीचा आकार नंतर बघू, आधी तिच्यात हवा कुठून शिरते आणि कुठून निघते ते बघायचं.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत अख्खी दुपार गेली. साध्या लोखंडी शेगड्या उत्तम होत्या. खाली जाळी, राख आपोआप गळते, कोळसा झकास फुलतो. पण त्यांना झाकण नाही. जलाशयावरून संध्याकाळी जो वारा सुटतो त्यात उघड्या शेगडीतला कोळसा बघता बघता जळून जातो, शिवाय ठिणग्या उडतात त्या वेगळ्याच. आणि बट्टी भाजायची तर वरूनही धग हवी, म्हणजे झाकण आलंच. एका दुकानात बादलीची केलेली शेगडी दाखवली, दिसायला गोड. हात लावून बघितला तर जीआयचा पत्रा. म्हणजे वर जस्ताचा मुलामा. जस्त 419 अंशांना वितळतं आणि फुललेला कोळसा त्याच्या कितीतरी पुढे जातो. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत घ्यायची माझी तयारी नव्हती.

शेवटी गोल, झाकणवाल्या, इनॅमलचा (जस्ताचा नव्हे, काचेसारखा) मुलामा दिलेल्या शेगड्यांवर आले. वेबर कंपनीची ‘स्मोकी जो’ ही शेगडी याच जातीची, साडेचौदा इंची, पण आमच्या बजेटबाहेरची. त्याच मापाच्या देशी बनावटीच्या दोन समोर ठेवल्या. दोघींना हवेसाठी खाली झडप, वर झडप, दिसायला जुळ्या. दुकानदाराच्या देव्हाऱ्यातली अगरबत्ती मागून घेतली, पेटती आत ठेवली, झाकण लावलं, दोन्ही झडपा उघड्या ठेवल्या. "ताई, घेण्याआधीच पूजा?" म्हणून तो हसला. पहिलीच्या झाकणाच्या कडेने सगळीकडून धूर झिरपायला लागला. दुसरीचा धूर वरच्या झडपेतून सरळ दोऱ्यासारखा निघाला, आणि ती झडप बोटाने ओढून बंद केली तसा थांबला. दुसरी घेतली. झाकण घट्ट बसलं नाही तर त्या झडपा नुसत्या शोभेच्या. धग कमी-जास्त करताच येत नाही.

बाकी सामानात बराच फापटपसारा गळ्यात मारतात. मी काय घेतलं ते सांगते. कोळसा पेटवायचा नळा फॅब्रिकेटरकडून काळ्या पत्र्याचा करून घेतला. दोन्ही तोंडं उघडी, खालून चार बोटांवर सळ्यांची जाळी, बाजूला मूठ. जाळीखाली वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढुरकी राख धरते. रॉकेल नको, त्याचा वास वांग्याला लागतो. हातमोजे वेल्डिंगवाले वापरतात ते चामड्याचे, कोपराजवळ येणारे. लांब चिमटा. शिगा चौकोनी घेतल्या, कारण गोल शिगेवर तुकडा जागच्या जागी फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते. बिडाचा तवा घरचाच. तारेचा ब्रश मुद्दाम घेतला नाही, त्याची तार तुटून जेवणात येऊ शकते. तापलेल्या जाळीवर अर्धा कांदा घासला की काम होतं.

कोळसा वखारीतून आणला. दोन तुकडे एकमेकांवर आपटून खणखणीत वाजले तर नीट भाजलेला. बद्द आवाज आला तर आत लाकूड कच्चं आहे, तो धूरच करणार. करवंटीच्या कोळशाच्या विटा ठिणग्या कमी उडवतात आणि जास्त वेळ टिकतात, पण पेटायला रडवतात. मी दोन्ही मिसळते. आम्हा पाच-सहा जणांच्या एका जेवणाला साधारण सव्वा किलो पुरतो.

भंडारदऱ्याला पहिल्या संध्याकाळी वांगी थेट निखाऱ्यांवर ठेवली, झाकण न लावता. ती उतरल्यावर निखारे दोन्ही कडांना सारले, मधली जागा मोकळी ठेवून त्यावर बट्ट्या मांडल्या. जाडसर दळलेली कणीक, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, तेलाचं मोहन. झाकण लावून वरची झडप अर्धी उघडी. एकदा उलटल्या, पाऊण तासाच्या आत वरून तडकल्या. चिरलेल्या बट्टीत तूप ओतून वरण घातल्यावर सासूबाई, ज्यांना बट्टी म्हणजे घशाशी बसणारं काहीतरी वाटतं, त्यांनी दुसरी मागून घेतली.

रात्री गारठा वाढला तेव्हा दिराने शेगडी तंबूत ओढायची कल्पना काढली. त्याला तिथेच अडवलं. विझत आलेला कोळसाही कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, आणि बंद तंबूत झोपेतच माणूस जाऊ शकतो. दोन्ही झडपा बंद करून शेगडी मोकळ्यात ठेवली. सकाळी वरून थंडगार वाटणारी राख काडीने उकरली तर मधे एक तुकडा लालच. म्हणून पाणी मारून, ढवळून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरली. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची नाही.

एक गोष्ट अजून मनासारखी नाही. सोबत आलेल्या जाळीची चकाकी काळवंडून तिचे पापुद्रे सुटायला लागलेत, आणि मधेच कोळसा घालायचा तर अख्खी जाळी उचलावी लागते. फॅब्रिकेटरकडे 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांची, एका बाजूला बिजागरी असलेली जाळी टाकली आहे. तो गुरुवारी या म्हणालाय.