मधली फुली

घरी आलेलं माणूस दिवाणावर टेकलं, की चहा येईपर्यंत त्याचा हात गोधडीवरून फिरू लागतो. मग प्रश्न येतो, "मधली ही फुली मुद्दाम घेतली का हो?" पाहुण्यांनी विचारलं, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या पोरानं विचारलं, मागच्या खेपेला तुम्हीही विचारलंत. तेव्हा शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या, म्हणून मी "हो, डिझाइनच आहे" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही परत विचारलंत म्हणून आता खरं सांगते.

फुली म्हणजे एक उभी आणि एक आडवी किरमिजी पट्टी, सहा-सहा इंच रुंद. ती गोधडीचे बरोबर चार भाग करते. माझ्या भाच्याच्या मते गोधडी पार्सल करायला बांधून ठेवल्यासारखी दिसते. ही पट्टी माझ्या कागदावर नव्हतीच.

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीला पाणी लागतं, पण खारं. ते पिकाला चालत नाही, साबणाला फेस येऊ देत नाही. त्यामुळे कपाशी उपटली, तूर-हरभरा घरी आला, की शेत मिरगापर्यंत मोकळं. त्या दिवसांत सकाळी सरगुंडे, कुरड्या, पापड आणि दुपारी गोधड्या. चहूकडे कपाशी असून आमच्या गोधडीत कापूस मात्र नसतो. तो विकायचा असतो, हे एक. दुसरं म्हणजे नुसता कापूस भरला तर धुतल्यावर त्याचे गोळे होतात. म्हणून आत जुनी धोतरं नि लुगडी एकावर एक घालायची, वर तुकड्यांचा पदर, खाली अस्तर, आणि सगळ्यांतून आरपार धावदोरा.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अशा गोधड्या जन्मभर शिवत आल्या. मला मात्र नक्षीची हवी होती. मधे एक पांढरा चौकोन, त्याभोवती हळदी रंगाची शंकरपाळी, तिच्याभोवती शेंदरी, मग लाल, मग जांभळी, अशी शंकरपाळीत शंकरपाळी कडेपर्यंत वाढत गेलेली. शिंप्याकडून कातरणाची दोन पोती आणली, मुलांचे शाळेचे शर्ट काढले आणि मुलीच्या चौकटींच्या वहीत नकाशा काढायला बसले.

पाच फूट रुंदी म्हणजे साठ इंच. चौकोन पाच इंचांचा. साठ भागिले पाच, बारा. लांबी साडेसात फूट, म्हणजे नव्वद भागिले पाच, अठरा. बारा गुणिले अठरा एवढ्या चौकटी रंगवण्याचा कंटाळा आला, म्हणून मी एकच चतकोर रंगवला, सहा बाय नऊचा. बाकीचे तीन त्याचीच उलटसुलट प्रतिबिंबं, हे तर कोणालाही कळतं. शिवायचंही तसंच ठरवलं, एकेक चतकोर वेगळा. चोपन्न चौकोनांचा एक.

यात दोन चुका आहेत. तुम्ही शिवणारे असाल तर एव्हाना एक सापडली असेल.

मला त्या एप्रिलच्या शेवटी सापडल्या, आणि त्याही खाली बसून नाही. तीन चतकोर तयार होते. वरचे दोन एकमेकांना जोडून झाले होते. कसे दिसतात ते पाहायला अंगणात बाज टाकून त्यावर पसरले, तिसरा खाली लावून ठेवला आणि स्लॅबवर सरगुंडे वाळत घातले होते ते गोळा करायला गेले. ऊन असं, की जिन्याच्या लोखंडाला हात लावायची सोय नाही. वरून सहज खाली पाहिलं. शंकरपाळीला टोकच नव्हतं. प्रत्येक रंगाचं वरचं टोक सुरीनं कापल्यासारखं चपटं, तिथे एका ठिकाणी दोन चौकोन. मधे एक पांढरा ठिपका हवा होता, तिथे पांढरे चौकोन एकमेकांना चिकटून दही सांडल्यासारखे पसरले होते. मी वरूनच बोटांनी मोजलं. मग खाली येऊन वही काढली.

मधली उभी ओळ मी चतकोरात पूर्ण धरली होती. त्याचं प्रतिबिंब घेतलं, तेव्हा ती ओळ दोनदा आली. आडवीचंही तेच. बारा ही समसंख्या. सम संख्येला मधला नसतो, मधे पडते ती शिवण.

मग टेप लावला, तर दुसरी चूक. चौकोन पाच इंचांचा कापला, पण चारी बाजूंनी पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं कापड, आत गेली. राहिला साडेचारचा. बारा साडेचार म्हणजे चोपन्न. गोधडी रुंदीला सहा इंच आणि लांबीला नऊ इंच आखूड होणार होती. ब्लाउज शिवताना मी माया कधी विसरले नाही, कारण तिथे अंगावर घातलं की लगेच कळतं. मला जास्त लागलं ते पुढचं. साठला साडेचारनं भागलं असतं, तर तेरा आणि वर थोडे आले असते. विषम. निदान रुंदीत मधला चौकोन आपोआप मिळाला असता. म्हणजे मायेची चूक केली नसती, तर रुंदीत तरी मधल्या ओळीची चूक व्हायला जागाच नव्हती.

आई खाटेवरून पाहत होत्या. म्हणाल्या, "कागद कायले पायजे वं गोधडीले? आमी काठापासून आत शिवत जात होतो. मंधात येईन थे येईन." हे त्या आधीही म्हणाल्या होत्या, मीच ऐकून सोडून दिलं होतं. नंतर कळलं, की कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, त्याही कडेपासून सुरुवात करून फेर धरत मधे येतात आणि चार कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. या पद्धतीत मधला कमी पडत नाही. तो शेवटी जेवढा उरेल तेवढा असतो.

पण माझे एकशे बासष्ट चौकोन शिवून झाले होते. प्रत्येक चतकोरातून एक ओळ काढून टाकावी, तर गोधडी आणखी आखूड. सगळं उसवावं, तर मिरग तोंडावर आलेला, आणि कातरणाचा कपडा दोनदा टीप सोसत नाही, कडा फिसकारतात. दोन दिवस मी त्या चतकोरांकडे पाहिलंच नाही, पापड लाटले.

तिसऱ्या दिवशी आजीचं लुगडं काढलं. माझी आजी त्याला मिलचं लुगडं म्हणायची. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल, तिथलंच ते, असं ती ठासून सांगायची. आता तिथे मॉल आहे. लुगडं पदराकडे विरलेलं, पण मधला भाग शाबूत. त्याची साडेसहा इंचांची पट्टी कापली, माया धरून. जोडलेले दोन चतकोर उसवले, चाळीस इंच, ब्लेडनं एकेक टाका. पट्टी मधे ठेवून पाहिली. जुळ्या ओळी एकमेकींपासून लांब गेल्या, आणि डोळ्याला वाटू लागलं की शंकरपाळी अखंड आहे, पट्टी तिच्यावरून गेली आहे. कापलेली टोकं पट्टीखाली लपलेली असावीत तशी. रुंदी चोपन्न अधिक सहा, बरोबर साठ. लांबी एक्याऐंशी अधिक सहा, सत्त्याऐंशी. उरलेल्या तीन इंचांसाठी वर-खाली दीड-दीड इंचाचा काठ.

ही फुली अशी आली. पण तुमचा प्रश्न "मुद्दाम का" असा होता, आणि तिथे माझी अडचण होते.

पुण्याची एक मैत्रीण म्हणाली, की अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथातल्या बायका गोधडीत मुद्दाम एक तुकडा चुकवतात, कारण निर्दोष फक्त देव. गोष्ट छान आहे. पण जुन्या गोधड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तिला आधार सापडलेला नाही, बहुतेक मागाहून जोडलेली गोष्ट. मलाही ती पटत नाही. एवढे तुकडे जोडताना चूक करायला वेगळा बेत लागतो, असं म्हणणाऱ्यानं एकदा मशीनवर बसावं.

तरीही माझ्या गोधडीत मुद्दाम केलेली चूक आहेच. चौथा चतकोर शिवायचा राहिला होता ना! आता मला माहीत होतं, की मधली ओळ जास्तीची आहे. पण बाकीच्या तिघांशी जुळायचं, तर चौथ्यातही ती तशीच घालावी लागणार. पहिले तीन मी गाणी ऐकत शिवले होते. चौथ्याला वही समोर उघडी ठेवली आणि चूक जशीच्या तशी यावी म्हणून प्रत्येक ओळ दोनदा मोजली. त्यातही एकदा हात आपोआप बरोबर शिवायला गेला आणि दोन चौकोन उसवावे लागले. आई हसल्या, "चुकलं का चुकवाले?"

तेव्हा हिशेब असा: तीन चतकोर नकळत, एक मुद्दाम. कोणता, हे आता वरून ओळखू येत नाही. चौथ्याच्या वेळी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ संपलं होतं, दर्यापूरला जाणं झालं नाही, म्हणून तो सगळा निळ्या दोऱ्यानं जोडलाय. उलट बाजूनं पाहिलं असतं, तर लगेच दिसलं असतं. पण त्यावर आता तीन धोतरं आणि अस्तर आहे.