कॅप्स लॉकचा गाळा

कीबोर्डवरची सगळ्यात मोक्याची जागा कॅप्स लॉकने अडवली आहे. डाव्या करंगळीला लागूनच. सांगलीत मारुती रोडवर कोपऱ्याचा गाळा असावा आणि मालकाने त्याला कायम कुलूप ठोकून ठेवावं, तसला प्रकार.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तिथे हवं असतं एस्केप, नाहीतर कंट्रोल. बिल जॉयने ‘व्हीआय’ हा प्रोग्रॅम लिहायचा, एस्केप सतत लागणारा एडिटर एडीएम-३ए नावाच्या जुन्या टर्मिनलवर लिहिला. त्यावर आजच्या टॅबच्या जागी एस्केप होतं आणि कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल. करंगळी जरा सरकवली की काम झालं. आपण मात्र त्याच एस्केपसाठी दिवसभर हात वरच्या कोपऱ्यात नेत बसतो. मी कॅप्स लॉकचंच एस्केप करून टाकलं. लिनक्सवर एका ओळीचं काम. नाहीतरी ओरडून लिहायची मला हौस नाही.

पण एक बटण हलवलं की अक्षरंही जागेवर बघवेनात. क्वर्टी, म्हणजे नेहमीच्या कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी, १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरची. तिच्यात उजव्या तर्जनीखाली बसलंय जे, इंग्रजीत क्वचित लागणारं अक्षर! १९३६ साली पेटंट मिळालेल्या द्वोराक या दुसऱ्या मांडणीत सगळे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत. कागदावर झकास. पण फायलींची यादी बघायची ‘एल-एस’ ही आज्ञा तिथे उजव्या करंगळीलाच दोनदा राबवते, आणि ती आज्ञा आम्ही श्वासागणिक देतो. २००६ चा कोलमॅक त्या मानाने समजूतदार. सतराच किल्ल्या हलवतो, कट-कॉपी-पेस्टची अक्षरं जागेवर ठेवतो. मी तिथे रमलो.

तरी खरं सांगायचं तर अक्षरांच्या वेगाने प्रोग्रॅम लवकर होत नाही. निम्मा वेळ स्क्रीनकडे बघण्यातच जातो. बोटं दमतात ती महिरपी कंस आणि अंडरस्कोअरपायी, शिफ्ट दाबून दाबून. म्हणून कीबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्येच, सोय केली: स्पेस दाबून धरला की मधल्या ओळीत कंस हजर. सुख म्हणतात ते हे.

गावभागात टायपिंग क्लास चालवलेल्या एका काकूंना हे सगळं कौतुकाने दाखवलं. त्या म्हणाल्या, “एवढा खटाटोप करतोस, आणि मराठी अजून इंग्रजी अक्षरांतनं बडवतोस? इनस्क्रिप्ट शीक की.”

“शिकतो, काकू.”

खरोखर बसलो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. क वर शिफ्ट दाबलं की ख, ल वर दाबलं की ळ. जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडायची किल्ली डाव्या मधल्या बोटाखालीच. कुणीतरी आपल्या भाषेचा नीट विचार करून मांडलेला हा लेआउट प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये फुकट पडून आहे, आणि मी परदेशी लेआउट धुंडाळत होतो.

अडचण एकच. इनस्क्रिप्टने कंसांच्या किल्लीवर ड आणि ढ बसवलेत. त्यामुळे मराठी चालू असताना मी स्पेस दाबून ऐटीत महिरपी कंस मागितला, की स्क्रीनवर ढ येतो. काकूंना हे फार आवडलंय.