तुम्ही विचारलंत म्हणून: सीआरपी वाढला, आता आईला डिमेन्शिया होणार का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रिपोर्ट घेऊन येणारी मुलं, म्हणजे स्वतःच पन्नाशीला आलेली माणसं, हा प्रश्न हमखास विचारतात. या एका आकड्यावरून ते सांगता येत नाही, हे माझं उत्तर. पण भीती अगदीच निराधार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, यकृतात तयार होणारं प्रथिन. 1930 साली विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे जंतू किंवा इजेविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया) सुरू झाला की इंटरल्युकिन-6 नावाचा संदेशवाहक यकृताला कामाला लावतो आणि काही तासांत सीआरपी चढतो. मोठ्या जंतुसंसर्गात तो हजारपटीपर्यंत जाऊ शकतो. कारण मिटलं की साधारण दर 19 तासांनी निम्मा होत उतरतो. त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा गेल्या दोन-चार दिवसांची हकिगत असते. त्यात दुखरी दाढही येते आणि लघवीचं इन्फेक्शनही.

वयाबरोबर येणारा दाह वेगळा. तो मंद असतो, ताप नाही की दुखणं नाही, पण वर्षानुवर्षं चालू राहतो. इटलीचे शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ (इन्फ्लमेशन आणि एजिंग मिळून) म्हटलं. विभाजन थांबलेल्या पण न मेलेल्या पेशी दाहकारक द्रव्यं सोडत राहतात, पोटाभोवतीची चरबीही तेच करते, हिरड्यांचे आजार आणि सिगारेट त्यात भर घालतात.

याचा मेंदूशी संबंध दिसतो तो मुख्यतः मध्यमवयात. होनोलुलूमधल्या जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला: ज्यांचा सीआरपी मध्यमवयात जास्त होता, त्यांच्यात 25 वर्षांनंतर डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलं. मात्र आजार जडल्यावर हा फरक पुसट होतो. अल्झायमरच्या (डिमेन्शियाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार) रुग्णांचा सीआरपी पुष्कळदा इतरांसारखाच असतो. म्हणून ऐंशीच्या आईच्या आकड्यापेक्षा मला तिच्या पन्नाशीतल्या मुलाची काळजी जास्त वाटते. त्याचं ब्लडप्रेशर, साखर, वजन, सिगारेट याकडे बघायची वेळ आत्ताची आहे.

“मग दाह कमी करणारी गोळीच घेऊ का?” कृपया नको. नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन डिमेन्शिया टळतो का, हे मोठ्या चाचणीत तपासून झालं आहे, टळला नाही. उलट म्हातारपणी ही औषधं पोटाला, किडनीला आणि हृदयाला जड जातात. आनुवंशिक अभ्यासांतूनही सीआरपी स्वतः आजार घडवतो, असं ठामपणे पुढे आलेलं नाही.

रिपोर्ट बघताना आधी एकक बघा. एक लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर. पहिलीचे 6 म्हणजे दुसरीचे 0.6. ‘दहापट कमी झाला’, ‘दहापट वाढला’ अशी घबराट मी यापायी वारंवार बघते. प्रति लिटर 10 च्या वर असेल तर आधी इन्फेक्शन, दुखापत, सांधेदुखी शोधायची आणि ते निवळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासायचं.

आणि आईच्या विसरण्याचीच काळजी असेल तर डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची चाचणी, बी-12, थायरॉइड, ऐकू येण्याची तपासणी करून घ्या, ती घेत असलेल्या गोळ्यांची यादी त्यांना दाखवा. पी-टाऊ 217 सारख्या, अल्झायमरची खूण शोधणाऱ्या नव्या रक्ततपासण्या आल्या आहेत, पण त्या लक्षणं असलेल्यांसाठी, तज्ज्ञाच्या सल्ल्याने.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. कालपर्यंत नीट बोलणारी आई एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखी वागायला लागली, दिवसा गुंगीत आणि रात्री अस्वस्थ असेल आणि सीआरपी चढलेला असेल, तर तो बहुधा डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम असतो. डिमेन्शिया असा दोन दिवसांत येत नाही. मागे इन्फेक्शन असेल तर उपचारांनी ती पुष्कळदा सावरते, म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात न्या.