माळकरी काकांसोबत सुलाची वायनरी

नाशिकला वायनरी बघायला आलेली बरीचशी मंडळी गाडीतून उतरली की सरळ टेस्टिंग रूमकडे जातात, ग्लास, फोटो, जेवण आणि परत मुंबई नाहीतर पुणे. त्यातही मजा आहेच. पण मला मनापासून वाटतं की वायनरी बघायची तर आधी वेल बघावी, आणि जमलं तर एखादा द्राक्ष बागायतदार सोबत न्यावा.

माझे काका दिंडोरी तालुक्यातले. थॉमसनची (बिनबियांच्या खायच्या द्राक्षाची) बाग, एक्सपोर्टचा माल, आणि गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत. फेब्रुवारीत त्यांची बाग खाली झाली तेव्हा म्हटलं काका चला सुलाला, तर म्हणाले, "मला पाजू नको म्हणजे झालं, बाग बघायचीच आहे कधीची."

मग मी, वहिनी आणि काका असे निघालो. गाडी वहिनीच चालवणार हे आधीच ठरलेलं, तिकडे जाताना हे ठरवूनच निघावं. सकाळी मिसळ खाल्ली (नाशकात त्याशिवाय दिवस सुरू होत नाही), गंगापूर रोडने सोमेश्वर मागे टाकलं आणि सावरगावच्या रस्त्याला लागलो. गंगापूर धरणाच्या बाजूचा हा पट्टा, यॉर्क आणि सोमा या वायनरीही याच रस्त्यावर आहेत. मधला वार होता, त्यामुळे निवांत बघायला मिळालं.

हंगाम जोरात होता. गेटच्या आत गेल्या गेल्या काका वेलींकडे वळले, ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) हात ठेवला, काडी निरखली, घड किती ठेवलेत ते बघितलं आणि मला विचारलं, "अरे, एवढाच माल?" आमच्यासोबत जो गाइड मुलगा होता तो जवळच्याच गावचा निघाला, त्याने शिराझचा, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षाचा, एक घड काकांच्या हातात दिला आणि तिथून पुढे टूर बाजूलाच राहिली, दोघांच्या गप्पाच सुरू झाल्या.

मणी हरभऱ्यापेक्षा थोडाच मोठा, काळा, आणि घड गच्च भरलेला. काकांनी एक मणी चिमटीत धरून दाबला तर साल जाड, आत दोन बिया, रस थोडासाच, पण बोटं जांभळी झाली. खाऊन बघितला आणि म्हणाले, "गोड आहे रे, आपल्या मालापेक्षा गोड आहे." खरंच असतो. खायच्या द्राक्षाची काढणी 17-18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) चालते, वाइनच्या द्राक्षात बऱ्याचदा 22 ते 24 पर्यंत साखर उतरू देतात, कारण हीच साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. 22 ब्रिक्सच्या रसातून साधारण 12 टक्क्यांची वाइन निघते.

मला त्या दिवशी सगळ्यात भारी वाटलं ते हे, की पीक एकच पण शेती अगदी उलटी. काकांच्या बागेत थॉमसनला बी नाही म्हणून मणी आपसूक फुगत नाही, मग घड जीएच्या (मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या) पाण्यात बुडवायचं डिपिंग करा, जास्तीचे मणी काढायचं थिनिंग करा, मणी 16-18 एमएमचा झाला पाहिजे, साल पातळ पाहिजे, डाग चालणार नाही, कारण तिकडच्या सुपरमार्केटात गिऱ्हाईक डोळ्यांनी विकत घेतं. वाइनवाल्याला मणी मोठा नकोच. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीत असतो, मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून पाणी बेताचं, माल मुद्दाम कमी. काका हे ऐकून थोडा वेळ काही बोललेच नाहीत. सगळं आयुष्य मणी फुगवण्यात गेलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागणारच ना.

छाटणीचं मात्र त्यांना काहीच नवीन नव्हतं. युरोपात थंडीत वेल झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटायची, एप्रिलची खरड छाटणी नवीन काड्यांसाठी आणि पावसाळा संपता संपता गोडी छाटणी फळासाठी, वाइनच्या वेलीलाही तेच. तिकडे ऑगस्ट ते ऑक्टोबरात काढणी, इथे जानेवारी ते मार्च. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, त्या महिन्यांत दिवसा ऊन आणि रात्री चांगली थंडी, त्यामुळे साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. ही थंडी नसती तर इथे वाइन उभीच राहिली नसती.

सुलाचा इतिहास थोडक्यात सांगतो. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून, अमेरिकेतली नोकरी सोडून इथे आले, आधी आंबा, मग खायची द्राक्षं असं करून बघितलं, 1997 मध्ये सॉविन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या, 2000 मध्ये वाइन बाजारात आली. नाव आईचं, सुलभा, त्यावरून सुला.

आत स्टीलच्या उंच टाक्या. पांढऱ्या वाइनला आधी द्राक्षं दाबून साल बाजूला काढतात आणि रस थंडच ठेवून आंबवतात, साधारण 12 ते 16 डिग्रीला, नाहीतर वास उडून जातो. लाल वाइन सालीसकट आंबते आणि जरा उबेत. तिथला तो आंबूस, फळांचा वास अजून नाकात आहे. पलीकडे वाइन मुरवायची ओक लाकडाची पिंपं, तिथे गारवा आणि अंधुक उजेड. स्पार्कलिंग वाइनला दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीतच होतं, बुडबुडे तिथेच तयार होतात.

मग वर टेस्टिंग, बाल्कनीतून खाली सगळ्या वेली दिसतात. ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट. सॉविन्यों ब्लांकला चक्क चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो, मला ती फार आवडली. शेनिन गोडसर, पहिल्यांदा पिणाऱ्याला हीच द्यावी. काकांनी प्यायली नाही, पण प्रत्येक ग्लासचा वास घेतला आणि ढोबळी मिरची त्यांनीच सगळ्यांच्या आधी ओळखली. शेवटी आली दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, ओकमध्ये मुरवलेली. काकांनी बाटली हातात घेतली, चष्मा वर केला आणि लेबलवरचं दिंडोरी हे नाव बोट ठेवून वाचलं. "आपला तालुका," म्हणाले, आणि शेजारच्या टेबलवरच्या अनोळखी पोरांनाही बाटली दाखवून आले. मला इतकं बरं वाटलं. नाशिक व्हॅली वाइनला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, पण ज्यांच्या तालुक्याचं नाव बाटलीवर आहे त्यातले कितीतरी लोक इथे पाऊल टाकत नाहीत, हे बदलायला हवं.

परतताना काका करार शेतीबद्दलच बोलत होते. वायनऱ्या शेतकऱ्यांशी बऱ्याच वर्षांचे करार करतात, डिपिंग नाही, पॅकिंग नाही, मजुरी कमी, भाव आधी ठरलेला, पण माल कमी निघतो आणि वायनरी सोडून ते द्राक्ष कुठे विकणार, हा प्रश्न राहतोच. वहिनीने हिशेब मांडून बघा म्हटलं. काकांनी अर्धा एकर लावून बघायचं म्हटलंय, एप्रिल छाटणीनंतर त्या गाइड मुलाच्या गावच्या बागा बघायला जायचं ठरलंय.

तुम्ही जाणार असाल तर जानेवारी ते मार्च, मधल्या वारी, शक्यतो सकाळची टूर घ्या. आणि गाइडला आधी बागेत चला म्हणा.